जागल

मोबाईलच्या खेळाबद्दल साठी उलटलेल्या माणसानं लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटते, आता हा पोट्ट्यांना शिव्या घालणार. मला तसं करायचं नाही. मला एका जुन्या खेळाबद्दल लिहायचं आहे आणि तो खेळ मला आवडतो. पडद्याच्या तळाशी एक लहानसं विमान असते. ते फक्त डावीकडे सरकते नाही तर उजवीकडे. वरून रांगा धरून शत्रू उतरतात. आपण खालून गोळी झाडायची. एवढंच. त्यात कथा नाही, गाणं नाही, डोंगर-नदी नाही. काळं आभाळ, चार चांदण्या आणि वरून येणारे ते.

असा हा दीड दमडीचा खेळ, पण त्यापुढे माणसं जेवण विसरून बसलेली मी पाहिली आहेत. त्यात माणसाला गोड काय लागते? मारणं गोड लागते का? तसं असेल तर तो खेळ वाईटच म्हणावा लागेल, मग पडद्यावर रक्त दिसो की न दिसो. की गोड लागते ते दुसरंच काही आहे? दहावी शिकलेल्या डोक्यानं या प्रश्नाचा जेवढा पिच्छा करता आला तेवढा मी केला. तो इथं मांडतो.

आधी जागलीबद्दल सांगतो, कारण माझं उत्तर तिथूनच निघते.

आमच्या लहानपणी घुग्घुसच्या आजूबाजूला वर्धा नदीच्या काठानं ज्वारी भरपूर पेरत. आता सगळीकडे पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर. ज्वारीचा दाणा भरायला लागला की वावरात मचाण उभं राहायचं. चार बल्ल्या, वर आडवे बांबू, त्यावर तुऱ्हाट्या आणि तणस. रात्री डुकरं आणि रोही येतात म्हणून मोठ्या माणसांची जागल, आणि दिवसा पाखरांसाठी आम्हा पोरांची राखण. हातात अंबाडीच्या सुताची गोफण. पाखरांची वेळ ठरलेली असायची. एकदा दिवस निघताना आणि एकदा दिवस कलताना. राघूंचा थवा दुरून दिसायचा, तो आधी एका रेषेत यायचा. मग त्यातले दोन-चार एकदम रांग सोडून तिरपे खाली सुटायचे आणि नेमके भरलेल्या कणसावर बसायचे. त्यांना हाकलेपर्यंत दुसरीकडून दुसरे.

गोफणीत एका वेळी एकच गोटा बसते. तो सुटला आणि चुकला, तर दुसरा उचलून, गोफणीत बसवून, फिरवेपर्यंत वावर उघडं. म्हणून घाईनं सोडायचा नाही. थवा कुठे आहे ते पाहून सोडायचा नाही, थवा कुठे जाणार ते पाहून सोडायचा. हे कोणी शिकवत नाही, चार दिवस मचाणावर उभं राहिलं की हाताला आपोआप समजते. बाबांचा एक नियम होता. वाळलं ढेकूळ वापरायचं, दगड नाही. ढेकूळ हवेत फुटते, पानांवर सडा पडल्यासारखा आवाज होते आणि थवा उठते. बाबा म्हणत, "मारू नको, उठव. पाखरू मेलं तं आपल्या कणसाचं काय वाढते?"

आता त्या खेळाकडे येतो. १९९१-९२ च्या सुमारास मी सकाळ-संध्याकाळ सायकलनं गावात दूध घालत होतो. घुग्घुस तेव्हाही कोळशाचंच गाव. खाणीची पाळी सुटली की रस्त्यावर माणसंच माणसं. बाजाराकडच्या एका टिनाच्या खोलीत एका माणसानं चार टीव्ही मांडले होते, प्रत्येकाला एक डबा जोडलेला, डब्यात कॅसेट. अर्ध्या तासाचे दोन रुपये. आत अंधार, खर्ऱ्याचा वास आणि पंधरा-वीस पोट्टे. मी दुधाचे पैसे घ्यायला आत गेलो आणि एका टीव्हीपुढे थांबलो.

वर हिरवे, जांभळे, निळे किडे रांगा करून डावी-उजवीकडे हलत होते. मधेच त्यातला एक रांग सोडून तिरपा खाली सुटायचा. खालचं विमान एका वेळी एकच गोळी सोडू शकत होतं. ती कोणाला लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी सुटत नव्हती. बाकीचे पोट्टे त्याला युद्ध समजत होते. मला ती राखण दिसली. तोच थवा, तीच तिरपी उडी, तोच एक गोटा. मी अर्ध्या तासाचे दोन रुपये दिले आणि बसलो. मला तो खेळ कोणी शिकवावा लागला नाही.

त्या खेळाचं नाव गॅलॅक्सियन, हे पुढे माझ्या भाच्यानं सांगितलं. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात आहे. जपानच्या नामको कंपनीनं तो १९७९ मध्ये काढला. त्याचा बाप म्हणावा असा खेळ त्याच्या एक वर्ष आधीचा, १९७८ चा. त्याचं नाव स्पेस इनव्हेडर्स, कंपनी टायटो, आणि बनवणाऱ्याचं नाव तोमोहिरो निशिकादो. यंत्राची मांडणीही त्याचीच आणि आतला हिशेबही त्याचाच. पाच रांगा, रांगेत अकरा, असे पंचावन्न शत्रू. खाली आडोशाला चार भिंती. आपल्याच गोळ्यांनीही त्या भिंती झडतात, हे मला फार खरं वाटलं. आपल्याच ढोरांनी आपलंच कुंपण मोडावं तसं.

भाच्यानं सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पहिली अशी. शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळतात. हे निशिकादोनं मुद्दाम केलेलं नव्हतं. यंत्र लहान होतं, पंचावन्न चित्रं हलवताना त्याला दम लागायचा. चित्रं कमी झाली की काम हलकं व्हायचं आणि वेग वाढायचा. त्याला ते दिसलं, बरं वाटलं, आणि त्यानं ते तसंच ठेवलं. कास्तकाराला यात नवल वाटणार नाही. निंदण संपत आलं असते, चार तासं उरलेली असतात आणि तेव्हाच आभाळ भरून येते. शेवटचं काम नेहमी सगळ्यात पळवते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वरून येणारे कोण असावेत याचा त्या माणसाला विचार करावा लागला. माणसांची चित्रं हलवून पाहिली तर चांगली दिसत होती. पण माणसांवर गोळ्या झाडायला लावणं बरोबर नाही, म्हणून माणसं बाद झाली. मग त्यानं ऑक्टोपस, खेकडे, माकूळ अशा समुद्रातल्या जिवांच्या आकाराचे परग्रहावरचे प्राणी काढले. म्हणजे या साऱ्या खेळांच्या मुळाशीच, पहिली गोळी सुटायच्या आधी, एका माणसानं नीतीचा प्रश्न विचारला होता. समोर कोणाला उभं करायचं?

सगळ्यांनी तो विचारला असं नाही. १९८४ मध्ये जपानच्याच कॅपकॉम कंपनीनं एक विमानांचा खेळ काढला, त्याचं नाव '१९४२'. आमच्या जिल्ह्यात १९४२ म्हटलं की चिमूर आठवते, १६ ऑगस्टचं. या खेळातलं १९४२ दुसऱ्या महायुद्धाचं आहे. त्यात आपलं विमान अमेरिकेचं आणि पडणारी विमानं जपानची. जपानी माणसानं बनवलेल्या खेळात जपानचीच विमानं पाडायची. भाचा म्हणाला, परदेशात खपावा म्हणून केलं असेल. मी त्यावरून एवढंच घेतलं की पडद्याच्या वरच्या बाजूला कोणालाही ठेवता येते, अगदी आपल्याच माणसांना. खेळणाऱ्याचा अंगठा त्याचा विचार करत नाही. तो विचार कोणीतरी आधी करावा लागते.

तरीही माझं म्हणणं असं आहे की या खेळातली गोडी मारण्याची नाही. मारण्याची असती तर शत्रू एका जागी बांधून ठेवलेला खेळ जास्त चालला असता. जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते, तिथे माणूस दहा फुगे फोडतो आणि पुढे चालू लागतो. या खेळापुढे तो तासभर बसते, कारण त्याच्या पाठीमागे काहीतरी आहे असं त्याला वाटते आणि ते वाचवायचं आहे. वरून येणारा खाली पोचला की संपलं. त्याला पोचू द्यायचं नाही. ही राखणीची गोडी आहे. ती आपल्या रक्तात फार जुनी आहे, बंदुकीपेक्षा जुनी, गोफणीइतकी जुनी.

याला आणखी एक पुरावा आहे. हे खेळ जिंकता येत नाहीत. पंचावन्न संपले की नवे पंचावन्न येतात, आणि आधीपेक्षा खालून सुरू होतात. शेवट म्हणून काही नाही. आपलं मरणच तेवढं शेवट. एखाद्याला हे वेडेपणाचं वाटेल, की जिंकता येत नाही तो खेळ कशाला खेळायचा? पण आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? तण कधी संपलं का? डुकरं एकदा हाकलली म्हणून पुढच्या वर्षी आली नाहीत का? कास्तकार जिंकत नाही. तो टिकून राहते. या हंगामात टिकलो, आता पुढचा. ज्यानं हे खेळ बनवले त्यानं वावर पाहिलं होतं की नाही मला माहीत नाही, पण त्याला हे समजलं होतं.

मग वावर आणि खेळ सारखेच म्हणायचे का? नाही. फरक कुठे आहे ते मला एका माणसानं दाखवलं.

त्या टिनाच्या खोलीत रोज येणारा एक जण होता. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. त्याच्या घरची जमीन कोळशात गेली होती. पैसे आले, आले तसे गेले. नोकरीचं आज होईल, उद्या होईल असं चाललं होतं. तोवर हा दिवसभर त्या टीव्हीपुढे. गाव त्याला रिकामटेकडा म्हणायचं. त्याचा हात मात्र असा होता की बाकीचे पोट्टे आपला खेळ थांबवून त्याचा पाहत. एकदा मी त्याला विचारलं, "काय गा, दिवसभर यातच बसते, काय भेटते तुले?" त्यानं पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "भाऊ, इथं कायनं मेलो ते तरी दिसते."

हे त्याचं उत्तर मी तीस वर्षं सांभाळून ठेवलं आहे. खेळात शत्रू समोरून येते. तो दिसते. त्याची चाल ठरलेली असते, ती शिकता येते. चुकलो तर चूक माझी, आणि पुढच्या डावात ती सुधारता येते. नियम खेळाच्या मधेच बदलत नाहीत. आता वावर पाहा. पेरणी बरोबर झाली, डवरणी वेळेवर झाली, फवारणी झाली, आणि कापूस घरात आल्यावर भाव पडला. कोणाला गोफण मारू? पाऊस पंधरा दिवस आला नाही, त्याचा नेम कसा धरू? मेहनतीला लगेच आणि सरळ उत्तर मिळते अशी जागा माणसाला हवी असते. ज्याला ती बाहेर कुठेच मिळत नाही तो ती दोन रुपयांत विकत घेते. त्याला आळशी म्हणणं मला जमलं नाही.

आमच्या जिल्ह्यात तर २०२२ मध्ये हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आभाळातून जळत्या रेषा गेल्या. अंगणातली सगळी माणसं वर पाहत होती. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. पुढे इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. चीनच्या रॉकेटचा तो तुकडा असल्याचं जाणकारांनी सांगितलं. म्हणजे खरोखरच अवकाशातून काहीतरी आमच्या जिल्ह्यावर आलं होतं. पण त्याला शत्रू म्हणता येत नव्हतं. ते कोणावर सोडलेलं नव्हतं, कोणी हाकलू शकलं नसतं, आणि कोणाला लागलं नाही ते नशीब. त्यानंतर पाच महिनेही झाले नाहीत आणि २६ ऑगस्टला आमच्या घुग्घुसमध्ये आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरचे लोक वेळेत बाहेर पळाले म्हणून वाचले. जागेवर खोल खड्डा राहिला. ती वस्ती जुन्या कोळसा खाणीच्या वर बसलेली. पाडव्याला आम्ही वर पाहत होतो. धोका पायाखाली होता.

खेळात धोका कधी पायाखालून येत नाही. खेळाचं सुख तेच आहे आणि खोटेपणाही तोच आहे.

म्हणून राखणीच्या गोडीला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, राखता राखता मी काय व्हायला लागलो? आमच्याकडे डुकरांचा त्रास खरा आहे. एका रात्रीत एकराचं वाटोळं होते. आता झटका मशीन आली आहे. जनावराला हलका झटका बसते, ते पळते, मरत नाही. बाबांचं ढेकूळच ते, फक्त बॅटरीवर चालणारं. पण याच विदर्भात कुंपणाच्या तारेत थेट लाइनीचा करंट सोडणारेही आहेत. त्यात डुकरं मेली, वाघ मेले, आणि पहाटे वावरात गेलेली माणसंही मेली. कधी शेजारचा, कधी घरचाच. करंट सोडणारा मनानं खुनी नव्हता. तो राखणच करत होता. फक्त तारेच्या पलीकडे कोण आहे हा निशिकादोनं विचारलेला प्रश्न त्यानं विचारला नाही. राखण आणि मारणं यांच्यातलं अंतर तेवढंच आहे, ढेकूळ आणि दगडाएवढं.

दुसरा प्रश्न, माझ्या पाठीमागे काय आहे? मचाणावर उभा असताना माझ्या पाठीमागे आईनं निवडून ठेवलेलं बियाणं होतं. घरात पाच तोंडं होती, गोठ्यात कडब्याची वाट पाहणारी बैलजोडी होती. गोटा चुकला तर त्याची किंमत मला माहीत होती. त्या टीव्हीत विमानाच्या पाठीमागे काय असते? पडद्याची कड. पृथ्वी वाचवायची आहे म्हणतात, पण पृथ्वी कधी दाखवत नाहीत. राखण आहे, पीक नाही. तासाभरासाठी हे चांगलं आहे. हात मोकळा होते, डोकं निवते. पण जन्म त्यात घालवला तर माणूस उत्तम जागल्या होते आणि त्याच्याकडे वावर नसते.

गॅलॅक्सियननंतर १९८१ मध्ये नामकोचाच गॅलागा आला. त्यात एक गंमत आहे. वरचा मोठा किडा एक निळा झोत सोडते आणि आपलं विमान ओढून नेते. ते परत आणता येते. तो किडा खाली झेपावला असताना नेमका त्याला मारायचा, मग कैदेतलं विमान सुटते आणि आपल्या विमानाच्या बाजूला येऊन जोडी होते. एकदम दोन-दोन गोळ्या. भाच्यानं मोबाईलवर हे दाखवलं तेव्हा मी त्याला म्हटलं, हे तं मक्त्याचं वावर झालं. हाताशी असलेलं घालवून दुप्पट मिळवायचं. पण जोडी झाली की रुंदीही दुप्पट होते आणि मार बसायला जागाही दुप्पट. मक्ता करून दोन्ही वावरं गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातूनच वर आलेलीही पाहिली आहेत. खेळ याचं उत्तर देत नाही. पण जोखीम कशी दिसते ते लहान पोराला दोन मिनिटांत दाखवते. तेवढं काम चांगलं.

टिनाच्या खोलीतला तो माणूस पुढे एका गोदामावर रात्रीचा चौकीदार लागला. आता तोही थकला. मागच्या वर्षी बाजारात भेटला, पानठेल्यावर आम्ही थांबलो. मी त्याला जुन्या खेळाची आठवण दिली. हसला. म्हणाला, "आता जागलच करून रायलो भाऊ, पण दुसऱ्याच्या मालाची." मग थोड्या वेळानं म्हणाला, "माल दुसऱ्याचा असला तरी खरा आहे. सकाळी कुलूप जसंच्या तसं दिसलं की बरं वाटते." मला वाटते त्याला त्याचं उत्तर सापडलं होतं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आमच्या नातवाच्या मोबाईलमध्ये हा खेळ आहे. सून म्हणते, "मामाजी, तुम्हीच त्याच्याजवळ बसून खेळता, मग मी त्याले कशी रागवू?" मी तिला सांगितलं, रागवू नको, तास ठरवून दे. आणि यंदा मी वावराच्या एका कडेला चार तास ज्वारी पेरली. कडब्यासाठी म्हणून घरात सांगितलं. दाणा भरल्यावर पोराला संध्याकाळी वावरात घेऊन गेलो. मचाण नाही, धुऱ्यावरच उभे राहिलो. गोफण त्याच्या हातात दिली. पहिले सात-आठ ढेकळं मागेच गेले. मग एक बरोबर सुटलं, हवेत फुटलं आणि राघू उठले. त्यानं लगेच विचारलं, "आबाजी, पॉइंट किती झाले?"

मी त्याला मागे वळून कणसं मोजायला लावली. तो मोजत गेला. दिवस बुडाला तरी त्याची मोजणी चालूच होती, म्हणून मग आम्ही उरलेली उद्यावर ठेवली.